गड्ड्यावरचं काळं तेल

१३ जानेवारी
आज सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेतला तैलाभिषेक. अडुसष्ट लिंगांना तेल वाहिलं गेलं आणि संध्याकाळी होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, फुलला. वड्या-भज्यांच्या कढया रात्री उशिरापर्यंत चुलीवरून उतरल्या नाहीत. एका गाडीवरच्या मावशींना विचारलं, "उरलेल्या तेलाचं काय करता?" त्या म्हणाल्या, "उरतंय कुठं? सकाळी त्यातच नवीन वतते की."

१४ जानेवारी
मावशींचं उत्तर डोक्यातून जात नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं साठत जातात. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढचं तेल खाण्यात नको. जुन्यात नवं मिसळल्याने तेल फक्त उजळ दिसतं, जुनी घाण तशीच राहते. तळणाला दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची असा नियम आहे. गड्ड्यावरची गाडी त्या नोंदवहीत येतच नाही.

१५ जानेवारी
एका हॉटेलमालकाशी बोललो. त्यांच्याकडचं काळं तेल गटारात जात नाही, विकलं जातं. स्वस्तात मिळतं म्हणून लहान गाडीवाले ते नेतात. म्हणजे मोठ्या कढईतलं तेल लहान कढईत आणि तिथून ज्याच्या खिशात दहा-वीस रुपये आहेत त्याच्या पोटात. हेच तेल इंधनाकडे वळावं म्हणून १० ऑगस्ट २०१८ला प्राधिकरणाची 'रुको' मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षी तेल कंपन्यांनी अशा तेलापासून केलेल्या बायोडिझेलला लिटरमागे ५१ रुपये देऊ केले. त्यातून मिथेनॉल, वाहतूक, गाळणी यांचा खर्च वजा जाता काळ्या तेलाला कितीसा भाव उरणार? गाडीवाला चार पैसे जास्त देत असेल, तर तेल त्याच्याकडेच जाणार.

१६ जानेवारी
रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने या तेलाचं बायोडिझेल करायची सगळी कृती समजावली. तेल गाळायचं, तापवून पाणी उडवायचं, मग मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून साठ अंशांच्या आसपास ढवळत ठेवायचं. ग्लिसरीन तळाशी बसतं, वर बायोडिझेल राहतं. तेल फार जळलेलं असेल तर त्यातली मोकळी आम्लं कॉस्टिकशी मिळून साबण करतात, म्हणून आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया लागते. तेल वेळेवर कढईबाहेर काढलं तर खाणाऱ्याचं भलं आणि कारखान्याचंही. नुसतं गाळलेलं तेल मात्र कुणी इंजिनात ओतू नये. ते घट्ट असतं, नोझल चोंदतात.

१७ जानेवारी
१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. शेंगाचटणीच्या सोलापूरला हे वाचून अभिमान वाटेल. पण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणणाऱ्या देशाने ताजं तेल जाळणं मला पटत नाही. जळायचं ते वापरून संपलेलंच. त्याच्या बायोडिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतं, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी निघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं किंचित वाढतात आणि ताकद डिझेलहून थोडी कमी पडते. मुंबईत मॅकडोनाल्डच्या मालवाहू गाड्या त्यांच्याच तळणाच्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलवर धावल्या आहेत. तिथे तेल एकाच मालकाच्या हाती असतं. आपल्याकडे ते शेकडो कढयांत विखुरलेलं आहे. खरं काम ते गोळा करण्याचं.

१८ जानेवारी
देवस्थान पंचकमिटीला आणि महापालिकेला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी गड्ड्यावर जागा देतानाच प्रत्येक गाडीला झाकणाचा एक डबा द्यावा. रोज रात्री संकलनाची गाडी फिरवून दोन लिटर असलं तरी तेल उचलावं आणि पैसे जागेवर मोजावेत, काळ्या बाजारात मिळतो त्याहून जास्त. कमी पडणारी रक्कम जागाभाड्यातून भरावी. नुसत्या दंडाने मावशी कढई रिकामी करणार नाहीत. जुन्या तेलाचे पैसे हातात पडले, तर नव्या तेलाचा डबा फोडायला त्यांचा हात धजेल.