टफीचा गोटा करू नकोस

चि. मुक्ता,


पार्लरवाल्याने बाराशे रुपये सांगितले आणि वर 'उन्हाळ्यासाठी गोटा करून टाकू' म्हणाला, हे वाचून मला पैशांपेक्षा त्या गोट्याचाच राग आला. तो काही करू देऊ नकोस. टफी (१९९४ च्या 'हम आपके हैं कौन'पासून आपल्याकडे पांढऱ्या कुत्र्याला दुसरं नावच सुचत नाही) हा आपण म्हणतो तसा पॉमेरियन नाही, इंडियन स्पिट्झ आहे. वर लांब राठ केस, आत मऊ लोकर. थंडी अडवणारी ती लोकर ऊनही अडवते. कुत्रा अंगभर घामाने गार होत नाही, धापा टाकून होतो. त्यामुळे भादरून फायदा थोडाच. उलट काहींचे केस नंतर धड येतच नाहीत.

बारीक वाकड्या तारांचा ब्रश, स्टीलची फणी आणि कुत्र्याचं नेलकटर घे. एवढ्यात भागतं. एक दिवसाआड विंचर, पण वरवर नको. एका हाताने केस उलटे धरायचे, खालची कातडी दिसली पाहिजे, मग थोडे थोडे सोडत मुळापासून विंचरायचे. कानामागे, काखेत आणि मांड्यांमागे जटा होतात. त्या आंघोळीच्या आधीच सोडव. पाणी लागलं की आवळून बसतात. जरासं कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं आणि बोटांनी टोकाकडून उकलत जायचं. तिथे कात्री नको. जटेबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि नेमकी तीच कापली जाते.

आंघोळीचं लोक उगाच स्तोम माजवतात. महिन्यातून एकदा पुरे, तीही कुत्र्यांच्या शाम्पूने. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५.५, त्याचा ७ च्या आसपास. आपला शाम्पू त्याला मानवत नाही. बादलीत जंतुनाशकाचं बूच ओतायची तुझ्या आईची सवय तेवढी मोड. नंतर लोकर आतपर्यंत कोरडी कर, नाहीतर पावसाळ्यात खाज आणि कुबट वास ठरलेला.

नखांची तुला भीती वाटते, ते बरोबरच आहे. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या जरा अलीकडे थांबायचं. काळ्या नखात ती दिसत नाही. तिथे अगदी पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या जागी मधोमध काळसर ठिपका दिसला की बास. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धर. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं नख विसरू नकोस. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही आणि वळून मांसात रुततं.

कान बाहेरून कापसाने पूस, आत काडी घालू नकोस. शेपटीखालच्या ग्रंथी डॉक्टरांनाच बघू दे. गोचीड दिसली तर चिमटा अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल वगैरे अजिबात लावायचं नाही. त्यानंतर जेवण टाकलं, अंग तापलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. पार्लरचे वाचलेले पैसे तिथे खर्च झाले तरी हळहळू नकोस.

आणि टफीला धरून बसायचं काम दादाचं. कुत्रा त्याच्या हट्टापायी आलाय, मग केसही त्याच्याच पँटला चिकटू देत.

तुझी,
मालूआत्या