उनाडांची बेरीज

एम-थ्रीमधली कॉम्प्लेक्स फंक्शन्स कशी शहाण्या बाळासारखी वागतात! कॉशी-रीमान लावा, अ‍ॅनॅलिटिक आहे म्हणा, मार्क खिशात. पण मित्रांनो, गणितात उनाड फंक्शन्सही आहेत. सिलॅबस त्यांना दारातूनच परत पाठवतो, वाकडच्या सोसायट्या बॅचलर्सना पाठवतात तसा.

यंदा रूम शोधताना दत्तमंदिर रोडवरचे एक काका आम्हाला म्हणाले, "एकटा असशील तर बघू. चौघं एकत्र म्हणजे धिंगाणाच!" तीन वर्षांचा ग्रुप फुटून चार ठिकाणी कॉट बेसिसवर जायची वेळ आली. तेव्हापासून डोक्यात भुंगा: उनाडांची बेरीज केली तर उत्तर उनाडच येतं का?

एक नमुना घेऊ. झेड, अधिक झेडचा वर्ग, अधिक चौथा घात, आठवा, सोळावा... घात दरवेळी दुप्पट. याला 'फ' म्हणू. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळाच्या आत हा अगदी गुणी, अ‍ॅनॅलिटिक. पण आतून सरळ १ कडे सरका, की अनंताकडे उधळतो. झेडच्या जागी झेड वर्ग घातला तर फक्त पहिलं पद गळतं, बाकी सगळं तसंच. त्यामुळे जे १ पाशी झालं तेच उणे १ पाशी होतं, मग आय आणि उणे आय पाशी, मग एकच्या आठव्या मुळांपाशी, आणि असंच पुढे. परिघाचा कितीही छोटा तुकडा घ्या, त्यात असा बिंदू आहेच. संध्याकाळचा भूमकर चौक बघा. तसंच, कुठूनच बाहेर पडायला वाट नाही.

आता 'फ' मधून झेड वर्ग घातलेला 'फ' वजा करा. दोघंही उनाड. उत्तर? नुसता झेड! इतका साधा की त्याच्यावर प्रश्नही येत नाही. म्हणजे काकांचं गणित चुकलं. पण त्याचबरोबर उनाडांचा अख्खा संच व्हेक्टर स्पेस नाही, हेही ठरलं.

मग त्यांच्यात काहीच शिस्त नाही? आहे ना! फ, फ वर्ग, फ घन... यांना हवे ते आकडे लावून बेरजा करा, गुणाकार करा. फक्त सुटा स्थिरांक नको. जिथे फ अनंताकडे जातो तिथे त्याचं पॉलिनॉमिअलही जातंच. म्हणून उत्तर एकतर शून्य, नाहीतर तितकंच उनाड. अनंत मितींचा आख्खा अल्जिब्रा, आणि सिद्धता दोन ओळींची! (माझा मेकॅनिकलवाला पार्टनर म्हणाला, "म्हणजे काका पण बरोबर." त्याला चहा पाजला नाही.)

१८७२ मध्ये वायरश्ट्रासनं कुठेच डेरिव्हेटिव्ह नसलेलं कंटिन्युअस फंक्शन मांडलं, तेव्हा तो विचित्र अपवाद वाटला होता. १९६६ मध्ये गुरारीनं दाखवलं की अशा फंक्शन्सची, शून्य धरून, अनंत मितींची व्हेक्टर स्पेस सापडते. २००७ मध्ये अ‍ॅरन आणि सेओआने यांनी त्याहून द्वाड मंडळी धरली: कॉम्प्लेक्स प्रतलाचा कितीही छोटा तुकडा घ्या, तेवढ्यात प्रत्येक कॉम्प्लेक्स किंमत घेणारी. त्यांच्यातही अल्जिब्रा निघाला. रिअल फंक्शन्सचं हे जमत नाही, कारण वर्ग केला की ऋण किमती गायब. कॉम्प्लेक्समध्ये मात्र वर्ग करा नाहीतर सतरावा घात, एकही किंमत सुटत नाही.