पाठमोऱ्या प्रेक्षकासाठी

रोजची मालिका लोक बघतात यावर माझा फारसा विश्वास नाही. ऐकतात. संध्याकाळी त्या वेळेला कुकर लागलेला असतो, कुणी पोळ्या लाटत असतं, पोरांना अभ्यासाला बसवलेलं असतं आणि टीव्ही आपला चालू असतो. म्हणून आम्हा मालिका लिहिणाऱ्यांची पात्रं एकमेकांना सारखी नावाने नाहीतर नात्याने हाक मारतात. ‘वहिनी, मी सांगते ना’, ‘अगं मंजिरी, ऐक तरी’. खऱ्या घरात समोर बसलेल्या बायकोचं नाव दर वाक्याला घेणारा नवरा संशयास्पदच! पण ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईला कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, हे कळायला हवं. समीक्षक याला कृत्रिम म्हणतात. त्यांनी एकदा पोळ्या लाटता लाटता एपिसोड बघावा.

कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, असं आमचं काम चालतं. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटं उरतात, आणि प्रत्येक ब्रेकआधी काहीतरी टांगून ठेवावं लागतं. गुरुवारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात. ते पडलेले असले, तर सोमवारी शूट होणारा ट्रॅक शुक्रवारी बदलतो. आजेसासूच्या तारखा मिळाल्या नाहीत की तिला आम्ही काशीला पाठवतो. मराठी मालिकांमधल्या म्हाताऱ्या माणसांइतकी तीर्थाटनं खऱ्या वारकऱ्यांचीही होत नसतील.

या धबडग्यात संवादाचं नशीब शेवटी नटाच्या जिभेवर. एका मालिकेत सुनेने दागिने गहाण ठेवल्याचं सासूला कळतं, असा सीन होता. सासू करणारी बाई रंगभूमीवर मुरलेली. मेकअप रूममध्ये पानं चाळून म्हणाली, ‘वाक्यं राहू देत, पण हाताला काहीतरी काम दे.’ मेथी निवडायला दिली. आधी मास्टर शॉट, मग दोघींचे क्लोजअप, मग भोवती उभ्या सगळ्या नातेवाइकांच्या रिॲक्शन. दर वेळी परातीतली मेथी तेवढीच दिसायला हवी, नाहीतर कंटिन्युइटी बोंबलते. बाई दर टेकला ‘गहाण’ या शब्दाशी थांबायची, देठ तसाच बोटांत धरून. पुढचं वाक्य अंमळ उशिरा यायचं. सतत बडबडणाऱ्या टीव्हीतून आवाज आला नाही, की ओट्याशी उभी असलेली बाई मान वळवून बघते. हे त्या नटीला ठाऊक होतं. एडिटमध्ये त्या थांबण्यावर ढोल बडवले गेले, ती गोष्ट वेगळी.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ संवादाच्या बाबतीत सुखी मालिका. दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर ती बेतलेली, आणि मालिकेतले आजोबा, आबा, हेही तेच. मूळ पुस्तक लिहिणारा हात आणि बोलणारी जीभ एकाच माणसाची. शिवाय आठवड्याला एकच भाग. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर चिमणराव साकारणारा हा नट टिपऱ्यांचा आजोबा झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता, आणि आबा तर त्याच्याहून बरेच थोरले. तरी आबांचं एकही वाक्य पाठ केलेलं वाटलं नाही.

रोजच्या मालिकेत अशी चैन नसते. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. इतक्या लांबच्या पल्ल्यात लेखक बदलू शकतो, दिग्दर्शक बदलू शकतो. पात्राच्या सवयी लक्षात ठेवणारं माणूस एकच, ते करणारं. चालू मालिकेवर नवा गेलो की हातात पात्रांची जाडजूड फाइल पडते. त्यात ‘करारी पण प्रेमळ’ असलं काहीबाही असतं. ती मी चाळतो, आणि मग नटालाच विचारतो, तुमची ही बाई काय कधीच बोलत नाही? एकीने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, ‘ती सॉरी म्हणत नाही. चुकली की ताटात जास्तीची पोळी वाढते, आणि समोरच्याने नको म्हटलं की चिडते.’ पुढच्या महिन्याभराचे सीन मला त्यात मिळाले.