हर्न हिलचा वस्ताद

दक्षिण लंडनमध्ये बर्बेज रोडवर दोन घरांच्या मधून एक बोळ आत जातो. रस्त्यावरून पाहिलं तर मागे कुणाची तरी परसबाग असेल असंच वाटतं. बोळ संपला की एकदम मोठं मोकळं मैदान, आणि मैदानाला वेढून सुमारे 450 मीटरचा लंबगोल ट्रॅक. सरळ भागात जवळजवळ सपाट, वळणांवर बाहेरची कड उचललेली. हा हर्न हिलचा व्हेलोड्रोम. 1891 पासून तो इथेच आहे. दोन महायुद्धं होऊन गेली, सायकलचे बरेवाईट दिवस आले आणि गेले, पण शर्यतींच्या ओढीनं माणसं त्याच्याकडे येतच राहिली.

आम्ही चौघीही त्यातल्याच. एक नर्स, एक शिक्षिका, एक सुतारकाम करणारी आणि मी. सायकल चौघींनाही येत होती, संघ म्हणून चालवायची कशी ते एकीलाही ठाऊक नव्हतं. आमचा संघ झाला त्याचं श्रेय मी या ट्रॅकला देते, म्हणून त्याच्याविषयी लिहायचं.

अंगानं तो ऐसपैस आहे. 2012 च्या ऑलिम्पिकसाठी स्ट्रॅटफर्डला बांधलेला ली व्हॅलीचा ट्रॅक 250 मीटरचा, छपराखाली, लाकडी फळ्यांचा, आणि त्याचं वळण 42 अंशांत उभं. तिथे पुरेसा वेग राखला नाही तर चाक खाली घसरतं. हर्न हिलचं सगळ्यात तिरपं वळणही 18 अंशांच्या आसपास. त्याच्यावरून सावकाश गेलं तरी तो कुणाला पाडत नाही. म्हणून शाळकरी पोरं आणि पिकल्या केसांचे गृहस्थ एकाच सकाळी तिथे फेऱ्या मारताना दिसतात. विक्रम करायचे असतील तर लाकडी ट्रॅक हवा, यात वाद नाही. पण दिवसभर नोकरी करून उरलेल्या वेळात ज्याला खेळायचं आहे, त्यानं हर्न हिललाच यावं असं माझं ठाम मत आहे.

सबुरीचा असला तरी तो लाड करत नाही. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी डाव शिकवत नाही, आधी हौद्यातली माती उकरायला लावतो. तशीच याचीही रीत. ट्रॅकवर आतल्या कडेला निळा पट्टा असतो. त्याच्यावर काळी रेघ, फेरीचं अंतर तिच्यावर मोजतात. तिच्या वर लाल, आणि आणखी वर निळी. नवख्यानं आधी काळ्या रेघेवर स्थिर चालवायला शिकायचं. ते जमलं की लाल, मग वरची निळी, आणि शेवटी कठड्याच्या जवळून. दर रेघेगणिक वळण थोडं वेगळं लागतं. वर चढताना मान वळवून आधी मागे पाहायचं, पुढच्याला ओलांडताना ‘स्टे!’ असा आवाज द्यायचा, म्हणजे ‘आहेस त्या रेघेवर राहा’. आवाज मिळालेल्यानं दचकून इकडेतिकडे व्हायचं नाही, इतकंच त्याचं काम. साधी गोष्ट आहे, पण सगळ्यांची हाडं तिच्या भरवशावर शाबूत असतात.

कारण या सायकलींना ब्रेक नसतात. ट्रॅकची सायकल म्हणजे एक चौकट, दोन चाकं, एकच गिअर आणि चेन. फ्रीव्हील नाही, त्यामुळे पाय थांबवला की होणारी ओळखीची टिकटिक नाही. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार. माझ्या सायकलला पुढे 48 दात आहेत, मागे 15. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे पावणेसात मीटर, आणि ट्रॅकच्या एका फेरीला पायडलचे सदुसष्ट फेरे. त्यातला एकही फेरा पायांना माफ नाही. रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस वळणात शिरताना सवयीनं पाय थांबवायला जातो, आणि पायडल त्याचा पाय खालून असा उचलतं की तो सीटवरून उडायचाच बाकी राहतो. सुटायची असते ती ही सवय, आणि ती सुटायला वेळ लागतो.

वेग कमी करायचा तर दोनच वाटा. पायांनी हलकेच उलटा जोर द्यायचा, नाहीतर तिरप्या वळणावर वर चढायचं. बिनब्रेकची सायकल म्हटलं की ऐकणाऱ्याचा जीव घाबरा होतो, पण घोळक्यात ती सुरक्षित असते ती याचमुळे. तिथे पुढच्या चाकात आणि आपल्या चाकात वीतभर अंतर असतं. पुढच्यानं करकचून ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर आदळलाच म्हणून समजा. इथे कुणालाच तसं थांबता येत नाही, म्हणून एवढ्या जवळून जाता येतं. आम्हा चौघींचा एकमेकींवरचा विश्वास आधी या सायकलींमुळे बसला, मैत्री मागाहून झाली.

या ट्रॅकचं वय त्याच्या वागण्यात दिसतं. जॉर्ज लेसी हिलियर या सायकलपटूच्या पुढाकारानं तो उभा राहिला. 1903 मध्ये गुड फ्रायडेच्या शर्यती सुरू झाल्या आणि दक्षिण लंडनच्या सायकलवाल्यांना तो सण होऊन बसला. 1948 च्या ऑलिम्पिकची वेळ आली तेव्हा युद्धानं दमलेल्या शहरापाशी नवं काही बांधायला पैसा नव्हता, तेव्हा याचीच डागडुजी करून ट्रॅकवरच्या शर्यती इथे घेतल्या. इंग्लंडचं सगळं लक्ष आपल्या सायकलपटूवर, रेग हॅरिसवर होतं. स्प्रिंटमध्ये त्याला इटलीच्या मारिओ गेलानं हरवलं. मग टँडेम, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल. तिच्या अंतिम लढतीला इतका उशीर झाला की शेवटची धाव जवळजवळ अंधारात झाली. ट्रॅकला दिवे नव्हते. तिथेही इटली पहिली आणि हॅरिसच्या जोडीला रौप्य.

त्याच वर्षी भारताचे सायकलपटू लंडनला आले होते. स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष होत आलं होतं. संघात मुंबईचे पारशी बरेच होते, आणि टीम परस्यूटमध्ये, म्हणजे चौघांनी मिळून धावायच्या शर्यतीत, भारताचे चौघे याच वळणांवरून गेले. सुवर्ण फ्रान्सला मिळालं, रौप्य इटलीला, कांस्य ब्रिटनला. भारताच्या वाट्याला पदक आलं नाही, आणि आपल्याकडे हॉकीच्या त्या सोनेरी वर्षात या चौघांची दखल कोण घेणार! मला मात्र तिथे उभं राहिलं की हॉकीपेक्षा तेच आधी आठवतात. भारतातून इतक्या लांब येऊन, अनोळखी ट्रॅकवर, एकामागे एक रांग धरून गेलेले चार गडी.

त्या ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी सायकलची एकही शर्यत नव्हती. रस्त्यावरची शर्यत त्यांना 1984 मध्ये मिळाली, ट्रॅकवरची 1988 मध्ये. टीम परस्यूट तर 2012 मध्ये, तीही तिघींची आणि तीन किलोमीटरची. पुरुषांसारखी चौघींची, चार किलोमीटरची धाव व्हायला 2016 उजाडलं. आमच्यातली शिक्षिका हे सांगताना अजूनही तापते, आणि तिचं तापणं रास्त आहे.

1948 नंतर फाउस्टो कोप्पीसारखा इटलीचा थोर सायकलपटू इथे धावून गेला. ब्रॅडली विगिन्स लहानपणी पहिल्या शर्यती इथे धावला आणि 2012 मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. एवढं नाव असूनही ट्रॅकचे दिवस फिरले. पृष्ठभाग उखडत गेला, जुना प्रेक्षकमंडप वापरण्याजोगा राहिला नाही, जागेच्या भाडेपट्ट्याचा घोळ झाला. 2010 मध्ये तो वाचवायची मोहीम उभी राहिली ती आसपासच्या रहिवाशांनी आणि इथे फेऱ्या मारणाऱ्या साध्यासुध्या लोकांनी उभी केली. 2011 मध्ये नवा पृष्ठभाग आला, 2017 मध्ये नवी इमारत. जगज्जेते इथून घडले हे खरं आहे, पण ट्रॅक जगला तो हौशी लोकांच्या जिवावर. आजही नवख्यांना कठड्याशी धरून उभं करणारे, पायडलवरचे पट्टे तपासणारे, फेऱ्या मोजणारे बहुतेक जण आपला वेळ खर्चून येतात.

आता आमच्या चौघींकडे येते. टीम परस्यूट हा प्रकार आम्ही निवडला, कारण एकटीनं जिंकण्याची सोय त्यात नाही. चार किलोमीटर, म्हणजे हर्न हिलवर जवळपास नऊ फेऱ्या. चौघी एका रांगेत. पुढची वारा कापते, मागच्या तिच्या आडोशाला बऱ्याच कमी ताकदीत तोच वेग राखतात. पुढचीची पाळी संपली की ती वळणावर वर सरकते, तिघी खालून निघून जातात, आणि ती उतरून शेवटच्या चाकाला लागते. संघाची वेळ लागते ती तिसरीचं पुढचं चाक रेघ ओलांडतं तेव्हा. पहिली कितीही लवकर पोचली तरी तिच्या वेळेला किंमत नाही.

आमच्यातली सुतारकाम करणारी सगळ्यांत ताकदवान. रस्त्यावरच्या शर्यतींत चढ आला की सगळ्यांना मागे टाकून निघायचं, हे तिच्या रक्तात. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरवतात, तो किताब मिळवणाऱ्याच्या जातीची ती. तिची पाळी आली की वेग वाढायचा, मागे नर्सच्या आणि माझ्या चाकात फट पडायची, फटीत वारा शिरायचा आणि ती फट भरून काढताना नर्सचा दम संपायचा. फेरी झकास जायची, पण पुढच्या दोन फेऱ्यांत त्याचं मोल चुकवावं लागायचं. तिला जोर आवरायला सांगणं हा उपाय नव्हता. ताकदवान माणसाला ताकद लपवायला लावली की तो खेळातून मनानं उठतो. उपाय असा की तिनं वेग तोच ठेवायचा आणि पाळी लांबवायची. बाकीच्या अर्धी-अर्धी फेरी पुढे राहतील, ती दीड फेरी राहील. जोर वेगात न घालता वेळात घालायचा. हे तिला पटलं त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा रांग न तुटता शेवटपर्यंत गेलो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उघडा ट्रॅक असल्यानं वारा एका सरळ भागात छातीवर असतो, दुसऱ्यात पाठीवर. छपराखालच्या ट्रॅकवर पाळी अमुक फेऱ्यांनी बदला असं ठरवता येतं. इथे तेवढ्यानं भागत नाही. वाऱ्याला तोंड देऊन सरळ भाग संपवला की पुढचीचे पाय जड झालेले असतात, तेव्हा बदल त्याच्या लगेच पुढच्या वळणावर व्हायला हवा. आणि वळण उथळ असल्यानं वर चढलं तरी वेग फारसा कमी होत नाही, उतरतानाही फारसा परत मिळत नाही. उभ्या ट्रॅकवर जे काम उतार करतो ते इथे पायांनी करावं लागतं. वर सरकताना नजर खाली तिसऱ्या सायकलवर ठेवायची, तिचं हँडल आपल्या पायाशी आलं की उतरायला लागायचं. क्षणभर उशीर झाला तर शेवटचं चाक निसटलं. उथळ ट्रॅक सोपा असतो असं लोक म्हणतात. सुरुवातीला असतो, संघ करायला लागलं की तोच अवघड होतो, आणि आमचं मेतकूट जमलं ते या अवघडपणानं.

पाऊस आला की सराव रद्द. इंग्लंडमध्ये हे वरचेवर होतं. मग चौघी आडोशाला चहा घेत बसतो आणि कोण कोणाच्या मागे जायचं यावर बोलत राहतो. शिक्षिकेचा वेग एकसारखा, म्हणून ती दुसरी. सुरुवात जागेवरून उसळून घ्यायची असते, तो दणका सुतारकामवालीचा. आणि तिच्या पाठोपाठ येणारीनं तो वेग न सांडता पुढे न्यायचा असतो. मी तिसरी. नर्सच्या रात्रपाळ्या असतात, कधी ताजी असते, कधी नसते, म्हणून तिला चौथी जागा आणि पाळ्या आखूड.

यंदा एक पाचवी आली आहे. विद्यापीठात शिकते, लांब हाताची, रस्त्यावर वेगवान, ट्रॅकवर अगदी नवी. सध्या ती काळ्या रेघेवर आहे. परवा नर्सनं तिला कठड्यापाशी थांबवून विचारलं, ‘पुढचीच्या चाकाकडे बघतेस ना?’ तिनं मान हलवली. ‘बघू नकोस,’ नर्स म्हणाली, ‘तिच्या खांद्यावरून पलीकडे बघ. चाक डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं तेवढं पुरे.’ हंगाम सुरू होईतो ती लाल रेघेवर स्थिर झाली तर नर्सची रात्रपाळी असेल त्या शर्यतीला तिला घ्यायचं ठरलं आहे. जागा मात्र चौथी नाही. तिला शिक्षिका आणि माझ्या मधोमध ठेवणार आहोत, म्हणजे पुढे एकसारखा वेग असेल आणि मागून ‘स्टे’ म्हणायला मी असेन.