रद्दीतील अद्भुत

१

साहित्याचा अभ्यासक आपल्या अभ्यासविषयासंबंधी पुष्कळ लिहितो. मात्र तो स्वतः आयुष्यभर काय वाचत आला, यासंबंधी बहुधा मौन पाळतो. मीही हे मौन तीसएक वर्षे पाळले. नांदेडला मराठीचे अध्यापन करीत असताना वर्गात 'रणांगण' आणि 'कोसला' शिकवीत असे, चर्चासत्रांतून कादंबरीच्या रूपबंधाविषयी निबंध वाचीत असे. त्याच काळात महिनाआड एका रविवारी एसटीने लातूर गाठून, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावरील रद्दीच्या दुकानात फरशीवर बसून, 'नवल'चे जुने अंक, 'धनंजय'चे दिवाळी अंक, नारायण धारप आणि बाबूराव अर्णाळकर यांच्या पुस्तकांचे गठ्ठे उपसत असे. या दोन व्यवहारांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे मला दीर्घकाळ वाटले नाही. तो आहे, आणि तो नाकारण्यात माझ्या समीक्षेचे काही नुकसान झाले, असे आता वाटते. प्रस्तुत लेखन त्या नुकसानीचा हिशेब आहे.

आम्ही चौघे होतो. लातूरचे मित्र पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. दुसरे मित्र एसटीत वाहक. लातूर–अहमदपूर–लोहा–नांदेड या मार्गावर त्यांची अर्धी हयात गेली आणि आमच्या संग्रहातील कितीतरी गठ्ठे त्यांच्याच गाडीतून एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचले. तिसरे नांदेडमधील एका उर्दू माध्यमाच्या शाळेतील शिक्षक. वयाने आम्हां सर्वांहून मोठे. त्यांना आम्ही मास्टरसाहेब म्हणत असू. १९९१ पासून एक महिना नांदेडला आणि एक महिना लातूरला आम्ही बसत आलो. मंडळाला नाव नव्हते, इतिवृत्त नव्हते. प्रत्येकाने नवे मिळालेले एक पुस्तक आणावयाचे आणि त्यावर बोलावयाचे, एवढाच नियम होता.

रद्दीवाल्याने आम्हांला लवकरच ओळखले. आरंभी तो ही पुस्तके तराजूत घालून देत असे. पुढे एकदा त्याने तराजू बाजूला सारला. "सर, आता नगावर घ्या. तुमच्याशिवाय हे कुणी विचारत नाही, तुम्ही नसता तर वजनावरच गेलं असतं." या वाङ्मयाचे मूल्य ठरविण्याचा प्रश्न प्रथम त्याने उपस्थित केला, आम्ही नव्हे.

२

इंग्रजीत या वाङ्मयाला 'पल्प' हे नाव कागदावरून मिळाले. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरबरीत कागद, आणि त्यावर छापलेली 'वीअर्ड टेल्स' (१९२३) किंवा ह्यूगो गर्न्सबॅक यांचे 'अमेझिंग स्टोरीज' (१९२६) यांसारखी मासिके. मराठीत कागदावरून वाङ्मयप्रकाराला नाव पडले नाही. आपल्याकडे 'माला' हा शब्द रूढ झाला; एका पुस्तकात दुसरे ओवलेले, वाचकाला पुढच्या पुस्तकाकडे नेणारे. कागदाची जात मात्र तीच होती. लगद्यातील लिग्निन काढून टाकलेले नसल्याने हा कागद उजेडाने आणि हवेने पिवळा पडतो, त्यातील आम्लामुळे ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. आमच्या संग्रहातील कित्येक पुस्तके आम्ही उघडताना अर्धवट मोडली आहेत.

त्यांपैकी अनेकांवर प्रकाशनवर्ष नाही. मग किंमत पाहावयाची. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वीचे. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या सातएक वर्षांतील. मलपृष्ठावरील जाहिराती, मुखपृष्ठावरील चित्रकाराची सही, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का, हे पुढचे पुरावे. पाठचिकित्सेची जी शिस्त आम्ही महानुभाव पोथ्यांपुरती राखून ठेवली होती, ती अर्णाळकरांच्या 'झुंजार'लाही लावता येते, हे कळण्यास मला चाळिशी गाठावी लागली.

परंतु खरा ऐवज समासात होता. धारपांच्या एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तीन वेगवेगळी हस्ताक्षरे आहेत. पहिले : "फार भीती वाटली." त्याखाली दुसऱ्या शाईत : "मला नाही." आणि त्याखाली पेन्सिलीने : "रात्री वाच." वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तावर मी पुष्कळ वाचले होते; प्रतिसाद मात्र प्रथमच हाती आला.

आमच्या वादाचा गाभा प्रारंभापासून एकच होता. आपल्या वाङ्मयेतिहासात अद्भुताची वंशावळ तशी स्पष्ट आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८), पुढे गो. ना. दातार आणि नाथमाधव. भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड' अशा तीन प्रवृत्ती कल्पून मराठी कादंबरीची मांडणी केली आणि वास्तवाशी झुंजणाऱ्या 'यमुनापर्यटन' प्रवृत्तीस मूल्यदृष्ट्या वरचे स्थान दिले. ही मांडणी माझ्या पिढीला मोठी उपकारक ठरली. पण तिच्यामुळे एक सोयही झाली : 'मुक्तामाला' प्रवृत्ती असे म्हटले की त्या पुस्तकांत पुढे काय आहे, हे पाहण्याची गरज उरत नसे. मी ती सोय मनमुराद वापरली.

विज्ञानकथेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर मराठी विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा लाभली ती रास्तच होती. तथापि, त्या प्रतिष्ठेबरोबर तिचे पूर्वज हळूहळू दिसेनासे झाले. व्हर्न आणि वेल्स मराठी मुलांपर्यंत पोहोचविणारे भा. रा. भागवत, द. पां. खांबेटे, गजानन क्षीरसागर आणि भयकथाकार म्हणून वेगळे काढलेले पण 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरी लिहिणारे धारप, हे सारे 'पूर्वतयारी' या एका शब्दात मावू लागले. लातूरचे प्राध्यापकमित्र या विभाजनाचे पक्के समर्थक होते. विज्ञानकथेत एखादी गोष्ट अशक्य असेल तर ती सिद्धान्ताने शक्य करून दाखविली पाहिजे, भुताने नव्हे, असे ते बजावीत. वाहकमित्र त्यांना शांतपणे उत्तर देत : "सर, रात्रीच्या गाडीत मी 'समर्थ' वाचणारी माणसं पाहिलीत. समर्थ आला की माणूस सैल होऊन बसतो. भूत आहे का नाही, हा त्याचा प्रश्नच नसतो."

आम्ही हे विधान तेव्हा हसण्यावारी नेले.

३

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे मातीच्या आणि दगडांच्या धाब्यांखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेतच मेली. ऑक्टोबरची आमची बैठक होण्याचा प्रश्नच नव्हता. लातूरचे मित्र आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन औसा तालुक्यातील गावांत गेले आणि पुढे कित्येक महिने जात राहिले.

त्या काळात तेथे दोन प्रकारची स्पष्टीकरणे एकाच वेळी वावरत होती. कोणी देवाचा कोप म्हणे. कोणी तेरणेवरील माकणी धरणाच्या पाण्याचा दाब म्हणे. पुष्कळ माणसे दोन्हीही म्हणत. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी माणसे रात्री जमिनीला कान लावून निजत. प्राध्यापकमित्र दिवसभर भूकवच, भ्रंश, तरंग समजावून सांगत आणि संध्याकाळी परतत.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताचे मर्म वाचकाच्या दोलायमानतेत पाहिले आहे. घडलेली घटना निसर्गनियमांत बसते की त्यांपलीकडची आहे, याचा निर्णय होत नाही तोवर अद्भुत टिकते. हे विवेचन मी वर्गात अनेकदा शिकविले होते. किल्लारीनंतर ते शिकविताना माझी जीभ अडखळू लागली. ही दोलायमानता पुस्तकात सुखद असते, कारण पुस्तक मिटता येते. जी माणसे तिच्यात राहत होती त्यांना निर्णय हवा होता, आणि तो मिळत नव्हता.

१९९४ च्या आरंभी आम्ही लातुरात पुन्हा बसलो. ठरल्याप्रमाणे भागवतांचे 'मुक्काम शेंडेनक्षत्र' काढावयाचे होते. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा एक तुकडा माणसांसह उचलून नेतो, ही व्हर्नची कल्पना. प्राध्यापकमित्रांनी पुस्तक हातात घेतले आणि खाली ठेवले. "हे आता नको," एवढेच ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, काहीशा संकोचाने त्यांनी सांगितले, की गेले तीन महिने ते रोज रात्री धारप वाचत आहेत. 'समर्थ'च्या कथा; वाहकमित्रांकडूनच मागून घेतलेल्या.

आम्ही गप्प राहिलो. विज्ञानकथेतून भूत हद्दपार करणारे हे गृहस्थ. त्यांनी स्वतःच कारण दिले, आणि ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहितो. दिवसभर मी लोकांना सांगतो, की यात कोणाचा दोष नाही, कोणाचा हेतू नाही. ते खरे आहे. पण ज्याचे घर गेले त्याला हेतू नसलेले दुःख पेलत नाही, आणि आता मलाही पेलत नाही. धारपांच्या कथेत संकट कोठून आले ते कळते, त्याला नाव असते, त्याच्याशी लढता येते. मी त्यावर विश्वास ठेवत नाही. मला फक्त तासभर तसे जग हवे असते, म्हणजे सकाळी पुन्हा खरे सांगायला जाता येते.

रंजनपर वाङ्मयावरील आपला नेहमीचा आक्षेप पलायनाचा आहे. तो येथे लागू पडत नाही, हे त्या दिवशी मला प्रथम जाणवले. हा वाचक वास्तवापासून दूर गेला नव्हता. आमच्यापैकी तोच एकटा रोज त्याच्या मध्यभागी जात होता. अद्भुताने त्याचे वास्तवाचे ज्ञान बदलले नाही. भयाला आकार, क्रम आणि शेवट देऊन त्या ज्ञानाचे ओझे उचलण्याइतकी उसंत त्याला दिली. वाहकमित्रांनी गाडीतल्या वाचकाविषयी जे सांगितले होते ते हेच होते. कृतीचे मूल्यमापन करताना ती कोण वाचतो, केव्हा वाचतो आणि वाचून झाल्यावर काय करतो, हे आम्ही समीक्षेबाहेर ठेवले होते. म्हणून आम्हांला 'मुक्तामाला'त केवळ प्रवृत्ती दिसली, वाचक दिसला नाही. यावरून प्रत्येक अर्णाळकर थोर ठरतो, असे मी म्हणत नाही. आमच्या संग्रहातील बरीच पुस्तके कंटाळवाणी आहेत, आणि ती तशी आहेत हे आम्ही एकमेकांना मोकळेपणाने सांगत आलो. मात्र कंटाळवाणे ठरविण्यासाठीही ती वाचावी लागली.

४

मास्टरसाहेबांचा वाटा वेगळा होता. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दशकात जन्मलेल्या या माणसाच्या घरी 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड होते. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून निघालेला तो अवाढव्य ग्रंथ. "तुमच्या 'नवल'च्या आधीचं हे आमचं नवल," असे ते मिश्कीलपणे म्हणत. त्याखेरीज इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया', आणि 'इमरान'च्या मालिकेतील शास्त्रीय साधनांनी सज्ज असलेल्या 'झीरोलँड' या गूढ सत्तेच्या कादंबऱ्या. आम्हां तिघांनाही उर्दू लिपी येत नव्हती. मास्टरसाहेब पुस्तक समोर धरून वाक्यावाक्याने मराठी करून सांगत. तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे, हे त्यांनीच समजावले : तिलिस्म हे रचलेले जग असते, त्याला स्वतःचे नियम असतात, आणि ते भेदण्याची युक्ती 'लौह' नावाच्या पाटीवर लिहिलेली असते, ती पाटी ज्याला वाचता येते तोच बाहेर पडतो. विज्ञानकथेची याहून नेमकी व्याख्या मला अद्याप सापडलेली नाही.

मराठवाड्याच्या वाचकाला अद्भुत असे दोन लिप्यांतून मिळत होते. मराठी अद्भुतकथेची चर्चा करताना आपण रेनॉल्ड्स आणि व्हर्न यांचे ऋण नोंदवितो; शेजारच्या घरातील हे कपाट कोणी उघडले नाही. मीही उघडले नसते.

चार वर्षांपूर्वी मास्टरसाहेब गेले. त्यांच्या मुलाने पुस्तके आमच्या स्वाधीन केली. सगळा संग्रह एकत्र सुरक्षित राहावा म्हणून आम्ही एका संस्थेच्या ग्रंथालयाला विचारून पाहिले. वर्ष नाही, कागद टिकाऊ नाही, अभ्यासक्रमाशी संबंध नाही. सबब दाखलनोंद करता येणार नाही, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. लातूरच्या त्या रद्दीच्या दुकानात आता प्रवेशपरीक्षांच्या मार्गदर्शकांची थप्पी छतापर्यंत गेली आहे. त्यात जुने काही सापडत नाही.

प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने 'बृहत्कथा' पैशाची भाषेत आहे म्हणून नाकारली, तेव्हा गुणाढ्याने अरण्यात अग्नी पेटवून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखविले आणि ते अग्नीत टाकले, अशी कथा सोमदेवाने सांगितली आहे. राजा धावत आला तेव्हा सात लक्षांपैकी एक लक्ष उरले होते. ही कथा आम्हां मराठवाड्यातील मराठीच्या अध्यापकांच्या भाषणांत नेहमी येते, आणि आपण सारे तीत गुणाढ्याच्या बाजूने उभे राहतो. माझ्या बाबतीत ते खरे नव्हते. मी बराच काळ राजाच्या बाजूला होतो.

सध्या आम्ही तिघे सूची करीत आहोत. शीर्षक, लेखक, माला, किंमत, शिक्का आणि समासातील नोंदी, असे सहा रकाने आहेत. मराठी पुस्तकांचे काम निम्म्याहून अधिक झाले आहे. उर्दू पुस्तकांपाशी ते थांबले, कारण शीर्षकसुद्धा आम्हांला वाचता येत नव्हते. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून आठवड्यातून दोनदा मी मास्टरसाहेबांच्या घरी जातो आणि त्यांची नात मला अलिफ-बे शिकविते. अक्षर जोडून लिहिताना माझा नुक्ता हमखास चुकतो. ती तो खोडते आणि म्हणते, "दादा, पुन्हा लिहा."

मागच्या आठवड्यात मला एका मुखपृष्ठावरील 'इमरान' हा शब्द वाचता आला. पुढचे दोन शब्द अजून यावयाचे आहेत.