शंकेवरचा आळ

पुणे, रविवार

चि. सुहास यास,


तू विचारलं होतंस एवढंच, की व्हालेरीचा तो लेख कोणत्या सालचा. १९१९ चा. आधी लंडनच्या एका साप्ताहिकात इंग्रजीत आला, मग काही महिन्यांनी फ्रेंचमध्ये. एवढं तळटीपेत घाल आणि मोकळा हो. पण प्रश्नासोबत तू अख्ख्या भाषणाचा मसुदा धाडलास, तेव्हा आता त्याचं फळ भोग. आइन्स्टाइन, हायझेनबर्ग आणि ग्योडेल यांनी युरोपच्या पायाखालची जमीन काढून घेतली, माणसांना कशाचाच भरवसा उरला नाही आणि त्या पोकळीत हिटलर शिरला, असं तू लिहितोस. वर टाळ्यांची जागा हेरून म्हणतोस की आजच्या मुलांनाही शंका पुरे झाली, आता त्यांच्या हाती काहीतरी ठाम द्या. पहिलं विधान तुझ्याआधी पुष्कळांनी केलं आहे, त्याचा दोष एकट्या तुझा नाही. दुसरं मात्र तुझं स्वतःचं दिसतं, आणि काल रात्रीपासून मला तेच छळतं आहे. तात्यांच्या पंगतीत वाढलेला मुलगा असं लिहितो? असो. तात्या आता नाहीत, तेव्हा त्यांच्या वाट्याचंही मीच बोलते.

आधी कालक्रम पाहा, त्याच्यावरून तू सरळ उडी मारली आहेस. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या, लूव्हाँच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं, आणि ऑक्टोबरमध्ये ९३ जर्मन विद्वानांनी व कलावंतांनी पत्रक काढून जगाला बजावलं की युद्धाचा दोष जर्मनीचा नाही आणि आमच्या सैन्याने क्रौर्य केलेलं नाही. सह्या करणाऱ्यांत माक्स प्लांक होता, क्ष-किरणांचा राँटगेन होता, ख्रिस्ती धर्मेतिहासाचा सर्वांत मोठा अभ्यासक हार्नाक होता. एरवी पुराव्याशिवाय एक ओळ न लिहिणारी ही माणसं. पण यांतल्या कित्येकांनी मजकूर डोळ्यांखालून न घालताच नाव देऊन टाकलं होतं. पलीकडे पॅरिसमध्ये बेर्गसाँने ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं की ही रानटीपणाविरुद्ध सभ्यतेची लढाई आहे. दोन्ही बाजूंच्या या मंडळींच्या बोलण्यात तिळमात्र शंका नव्हती. म्हणजे युरोपच्या बुद्धिमंतांचा सर्वांत ठाम काळ शोधायचा तर तो हाच, आणि त्या ठामपणाच्या पोटी चार वर्षांत सुमारे ९० लाख सैनिक मेले. त्यानंतर व्हालेरी लिहितो की आपली संस्कृतीही इतर लुप्त संस्कृतींसारखीच मर्त्य आहे, आणि एवढा संहार घडवायला ज्ञान, शिस्त, कर्तव्यबुद्धी हे सगळे सद्गुणच कामाला आले. याला तू ‘श्रद्धेचा अंत’ असं नाव दिलं आहेस. मला ती उशिरा वाटलेली लाज दिसते.

आता तुझे तीन आरोपी. आइन्स्टाइनने सगळंच सापेक्ष केलं, हे वाक्य तू तरी लिहायला नको होतंस. तुझी पदवी कशातली आहे ते मी विसरलेले नाही. तो सिद्धान्त उभाच आहे तो प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच मोजता येतो या अटीवर. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वळेल याचा आकडा त्याने आधी सांगून ठेवला होता: १.७५ कोनीय सेकंद, न्यूटनच्या हिशेबाच्या दुप्पट. २९ मे १९१९ च्या ग्रहणात एडिंग्टनने प्रिन्सिपे बेटावर आणि दुसऱ्या एका तुकडीने ब्राझीलमध्ये छायाचित्रं घेतली, आणि ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल वाचला गेला. आकडा चुकला असता तर सिद्धान्त पडला असता. आपण कुठे चुकू शकतो हे आगाऊ सांगून ठेवण्याइतकी नीतिमत्ता त्या काळात दुसऱ्या कुणी दाखवली, ते मला दाखव. हायझेनबर्गचं १९२७ चं सूत्र घे. ‘काहीच कळू शकत नाही’ असं ते म्हणत नाही. स्थान आणि संवेग एकत्र किती अचूक कळतील याची मर्यादा ते गणिताने आखून देतं. ग्योडेलची गोष्ट तर नाटकात शोभावी अशी आहे. १९३० च्या सप्टेंबरात क्योनिग्सबर्गच्या परिषदेत, ७ तारखेच्या चर्चेत, हा चोवीस वर्षांचा मुलगा हलक्या आवाजात सांगून गेला की अंकगणिताच्या चौकटीत अशी सत्य विधानं निघतात जी त्या चौकटीतून सिद्ध करता येत नाहीत. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात म्हातारा हिल्बर्ट व्याख्यानात घोषणा करत होता की आपल्याला कळलंच पाहिजे आणि कळेलच. ग्योडेलने हिल्बर्टची आशा मोडली ती तर्क सोडून नव्हे. तर्काचं पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत बोट धरून. या तिघांना पोकळीचे बाप म्हणणं म्हणजे जमिनीची तपासणी करणाऱ्यालाच भूकंपाबद्दल अटक करणं.

उलट, ज्यांना हे सोसवलं नाही ते कोण, ते बघ. २४ ऑगस्ट १९२० ला बर्लिनच्या फिलहार्मोनिक सभागृहात सापेक्षतेविरुद्ध जाहीर सभा भरली होती, भौतिकशास्त्राविरुद्ध! पुढे या मोहिमेचा म्होरक्या झालेला लेनार्ड आणि त्याचा जोडीदार श्टार्क हे दोघेही नोबेलवाले. दोघांनी १९२४ सालीच, हिटलर तुरुंगात असताना, त्याच्या बाजूने छापील पाठिंबा दिला होता. तुझ्या मांडणीत या दोघांना कुठे बसवशील?

तुझ्या मसुद्यातली मोठी गल्लत पुढे आहे. श्पेंग्लरला तू अनिश्चिततेचा प्रवक्ता म्हटलं आहेस. अरे, त्याच्याइतका निश्चिंत माणूस त्या पिढीत सापडायचा नाही. ‘पश्चिमेचा ऱ्हास’चा पहिला खंड १९१८ साली आला, पण नाव आणि आराखडा युद्धाआधीच ठरलेला होता, युद्ध जिंकलं असतं तरी पुस्तक तेच राहिलं असतं. प्रत्येक संस्कृतीला साधारण हजार वर्षांचं आयुष्य, ठरलेले ऋतू, ठरलेला शेवट, आणि शेवटी सीझरसारखे हुकूमशहा येणार म्हणजे येणारच. यात शंका आहे कुठे? निराशा आणि शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सुहास. निराश माणसाला शेवट ठाऊक असतो. शंका घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो, म्हणूनच तो काम करत राहतो. माक्स वेबरने हे ओळखलं होतं. १९१७ च्या नोव्हेंबरात म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने सांगितलं की प्राध्यापकाच्या आसनावर प्रेषित शोधू नका. कसं जगावं याचं उत्तर विज्ञान देणार नाही, मात्र तुमच्या निवडीची किंमत काय पडते ते ते तुम्हाला दाखवू शकेल. अनेक पोरांना हे रुचणारं नव्हतं. त्यांना पुढारी हवा होता. बारा वर्षांनी दाव्होसला हायडेगर आणि कासिरर हे दोन तत्त्वज्ञ समोरासमोर बसले, तेव्हाही तरुण श्रोत्यांची मनं हायडेगरने जिंकली. कासिररचं सभ्य, पायरीपायरीने जाणारं बोलणं त्यांना जुनाट वाटलं. १९३३ मध्ये कासिरर देश सोडून गेला आणि हायडेगर फ्रायबुर्गचा रेक्टर होऊन मे महिन्यात नाझी पक्षाचा सदस्य झाला.

तू म्हणशील, हायडेगरनेच तर सगळ्या जुन्या आधारांना सुरुंग लावला, मग तो शंकेच्याच बाजूचा नाही का? नाही. आधार काढून घेतल्यावर तो तिथे थांबत नाही. त्या जागी तो निर्धार बसवतो. कशाचा निर्धार, कोणत्या पुराव्यावर, हे विचारायला त्याच्या मांडणीत जागा फार थोडी आहे, आणि ती रिकामी जागा १९३३ ने भरली. कार्ल श्मिटने राज्यशास्त्रात हेच केलं: नियम संपतो तिथे निर्णय घेणारा तो सार्वभौम. तोही हायडेगरसारखाच १ मे १९३३ ला पक्षात गेला. हे दोघे शंकेने थकलेले होते, किंवा ती त्यांना मुळात सोसवतच नव्हती. दोन्हींचा परिणाम एकच.

तुझा दुसरा आक्षेपही मला दिसतो आहे, आणि तो हलका नाही. पोट रिकामं असताना शंका कुणाला परवडते? नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, जन्मभराच्या बचतीत पाव येत नव्हता. १९३२ मध्ये सुमारे ६० लाख जर्मन बेकार होते. मान्य. पण मग आरोप महागाईवर ठेव, तहाच्या अटींवर ठेव, ग्योडेलवर का? बेकार माणसाने त्याचा निबंध वाचला नव्हता. शिवाय, आधी घसरले ते उपाशी नव्हते. जर्मन विद्यार्थी संघटनेचं नेतृत्व नाझी विद्यार्थ्यांच्या हाती १९३१ च्या उन्हाळ्यात गेलं, हिटलर चान्सेलर होण्याच्या दीड वर्ष आधी. त्याच साली इटलीत प्राध्यापकांकडून फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली. बाराशेंहून अधिक जणांपैकी जेमतेम बाराएक जणांनी नकार दिला. त्यांत गणिती व्होल्तेरा होता. बाकीच्यांतले अनेक मनातून फॅसिस्ट नव्हतेही. घर, पेन्शन, मुलं. त्यांना मी हसत नाही. पण जेन्तीलेसारखा तत्त्वज्ञ १९२५ मध्ये फॅसिस्ट विचारवंतांचा जाहीरनामा लिहितो आणि क्रोचे त्याला जाहीर उत्तर देतो, तेव्हा त्या दोघांमधला फरक भुकेने समजावता येत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप तू घेतलेलाच नाहीस, म्हणून तुझ्या वतीने मीच घेते. ज्यांची श्रद्धा घट्ट होती तेच टिकले, असं धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्टकडे पाहून म्हणता येईल. १९३४ चं बार्मेनचं निवेदन मुख्यतः त्याच्याच लेखणीतलं. चर्चने कुठल्याही राज्यकर्त्याला देवाच्या जागी मानू नये, हा त्याचा गाभा. पुढल्या वर्षी बॉनची प्राध्यापकी गेली. उलट पास्कुआल योर्डान हा क्वांटम यामिकीच्या पायाभरणीतला माणूस, अनिश्चितता ज्याच्या रोजच्या कामाची, तो १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला. आणि हायझेनबर्ग जर्मनीतच राहिला, युद्धकाळात सरकारच्या अणुप्रकल्पावर काम करत. तेव्हा शंका ही काही लस नव्हे, हे मी लिहून देते. प्रयोगशाळेतली शंका घरी येताना माणूस चपलांसारखी बाहेर काढून ठेवू शकतो. पण बार्टची श्रद्धा कसली होती ते तरी बघशील? १९१४ च्या त्या पत्रकावर आपल्या हार्नाकगुरुजींची सही पाहून तो हादरला आणि त्यांच्या शिकवणीपासून दूर गेला. देव माणसाच्या कुठल्याच संस्थेत, राष्ट्रात, संस्कृतीत मावत नाही, ही त्याची श्रद्धा. म्हणजे माणसाच्या प्रत्येक अंतिम दाव्यावर संशय. अशी श्रद्धा तुला मुलांच्या हाती द्यायची असेल तर माझी ना नाही. मसुद्यात मात्र ती दिसली नाही. तिथे नुसता ‘ठाम’ हा शब्द सात ठिकाणी आहे.

आणि इतकं सगळं युरोपचं सांगताना तुला आपल्या इरावतीबाई आठवू नयेत? त्यांचं ‘युगान्त’ तोंडपाठ असल्याच्या गप्पा मारतोस. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या, मानववंश आणि सुप्रजनन यांसाठी १९२७ मध्ये उघडलेल्या संस्थेत. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा संबंध वंशाशी आणि युरोपियनांच्या श्रेष्ठ बुद्धीशी असावा, हे फिशरचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक दिसत नाही असं प्रबंधात नोंदवलं. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच गृहीतकाविरुद्ध. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. त्याच्या संस्थेत ठामपणाला तोटा नव्हता. तिथे शंका घेऊन मोजपट्टी लावणारी एक मराठी बाई होती. माझं तर म्हणणं असं, आणि हे मी ठामपणेच म्हणते, हसू नकोस, की प्रत्येक महाविद्यालयात वर्षातून एक प्रश्न मुलांपुढे ठेवून तो सुटला नाही तरी चालेल असं सांगावं, आणि ‘मला अजून माहीत नाही, पण काय दिसलं तर माझं मत बदलेल ते माहीत आहे’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. तुमच्या अभ्यास मंडळाला हे चालायचं नाही. प्रश्नपत्रिका कशी काढायची, असं विचारतील.

विषय सोडून भरकटले. माझी खरी भीती वेगळीच आहे, ती सांगते. २२ जून १९३६ ला व्हिएन्ना विद्यापीठाच्या जिन्यावर तत्त्वज्ञ मोरिट्झ श्लिकला त्याच्या एका माजी विद्यार्थ्याने गोळ्या घातल्या. खुनी मनोरुग्ण होता, आधीही धमक्या देऊन झाल्या होत्या, कारणं खासगी होती. पण काही आठवड्यांत एका कॅथलिक नियतकालिकात टोपणनावाने लेख आला: हा खून नीट समजून घ्यायचा तर श्लिकचं तत्त्वज्ञान पाहा, त्याने तरुणांच्या मनातले आधार कुरतडले, त्याचं हे फळ. विद्यापीठातल्या अध्यासनांवर आता ठाम ख्रिस्ती विचाराची माणसं नेमा. श्लिक ज्यू नव्हता, तरी ‘ज्यू विचार’ म्हणून त्यालाच दोषी धरलं गेलं. खुन्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर १९३८ मध्ये तो सुटलाही. तो लेख लिहिणारा माणूस अडाणी नव्हता, विद्यापीठात शिकवणारा होता. त्याच्या युक्तिवादाचा सांगाडा आणि तुझ्या चौथ्या पानाचा सांगाडा मी शेजारीशेजारी ठेवून पाहिला. मला फरक सापडला नाही. तुला सापडला तर शनिवारच्या आत फोन कर, कितीही उशीर झाला तरी. भाषणाला विशीतली मुलं येणार आहेत, आणि तू बोलतोस छान.

तुझी,
नलूमावशी