देवाचे शब्द आणि मुंगीची अक्षरे

सणाच्या नोव्हेनाची पुस्तिका छापून घेण्याचे काम धर्मग्रामाने आमच्यावर सोपविले, तेव्हा कागद वाचावा म्हणून आम्ही सारा मजकूर ८ पॉइंटात बसविला. पहिल्याच संध्याकाळी एका वृद्ध आजींनी पुस्तिका मिटून आमच्या हाती ठेवली. "बाळा, शब्द देवाचे असतील; पण अक्षरे मुंगीची आहेत रे," एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही खजील झालो आणि उशिरा का होईना, अक्षरमांडणीचा अभ्यास आरंभिला.

७२ पॉइंटांचा सुमारे एक इंच होतो. परंतु हे माप मूळचे अक्षराचे नव्हे. अक्षर ज्या शिशाच्या खिळ्यावर ओतलेले असे, त्या खिळ्याच्या अंगाचे. देवनागरीला त्याच अंगात शिरोरेषेवर मात्रा-वेलांटी आणि पायाशी उकार सामावून घ्यावा लागतो. साहजिकच मधले अक्षर आक्रसते. दोन ओळींमधील अंतरास 'लेडिंग' म्हणतात. 'लेड' म्हणजे शिसे. जुळारी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत, त्यावरून हे नाव पडले. हे अंतर कमी पडले की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. चहूबाजूंचा कोरा समास म्हणजे डोळ्यांचा विसावा; तोही आम्ही कातरला होता.

कोणी काय म्हणावयाचे, हेही अक्षरांनीच सांगावयाचे असते. आपल्या उपासनाग्रंथांत प्रार्थना काळ्या शाईत आणि सूचना लाल शाईत छापण्याची जुनी प्रथा आहे. अशा सूचनांना 'रुब्रिक' म्हणतात. त्या शब्दाचे मूळ 'लाल' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. आम्ही मात्र धर्मगुरूंची प्रार्थना व भाविकांचा प्रतिसाद एकाच ठशात छापला होता.

या संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. या भूमीच्या लिपीत पुस्तके छापावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी १६०८ च्या पत्रात आपल्या वरिष्ठांना कळविली होती. अडचण साच्यांची होती : युरोपात २४ पुरत, येथे सुमारे ६०० लागत. अखेर १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ साली.

फादरांना साचे मिळाले नाहीत. आमच्यापुढे संगणकावर सारे साचे मांडलेले असताना आम्ही कागद वाचवीत बसलो!

पुढील वर्षी आम्ही १४ पॉइंट घेतले, समास मोकळा सोडला, प्रतिसाद ठळक केला. पाने वाढली, खर्चही वाढला. नोव्हेनाच्या पहिल्या संध्याकाळी आजींनी चष्मा सावरला आणि प्रतिसाद मोठ्याने म्हटला.